नॅनोकणांसाठी सच्छिद्र घर

धातूचा कण जितका लहान, तितका तो उत्प्रेरक म्हणून अधिक कार्यक्षम असतो; पण जितका लहान, तितकाच अल्पजीवीही. हा पेच सोडविण्यासाठी गेली वीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ धातूंचे अतिसूक्ष्म कण ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ नावाच्या सच्छिद्र स्फटिकांच्या पोकळ्यांत बसवीत आहेत. २०२५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकामुळे हे स्फटिक सर्वतोमुखी झाले. त्यांच्या आश्रयाने उत्प्रेरक कसे सुधारतात आणि हे संशोधन कोठे अडखळते, याचा हा परिचय.

मोटारीच्या इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरपर्यंत पोचण्यापूर्वी पोलादाच्या एका डब्यातून जातो. डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण पसरलेले असतात. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड या कणांवर येतो आणि तेथून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत १ एप्रिल १९९५पासून नव्या पेट्रोल मोटारींना हा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ सक्तीचा झाला. पाठ्यपुस्तकातला उत्प्रेरक तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर धावू लागला.

उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, असे आपण शाळेत शिकलो. मग हा डबा कालांतराने निकामी का होतो? धातू तर तेवढाच शिल्लक असतो. याचे एक महत्त्वाचे कारण असे, की प्रचंड उष्णतेत धातूचे लहान लहान कण सरकत जाऊन एकमेकांना चिकटतात आणि मोठे होतात. धातूचे वजन कायम राहते. काम करणारे अणू मात्र कमी होतात. मौल्यवान धातूंचा प्रत्येक अणू कामाला लावणे आणि तो कामावर टिकवणे, हीच आजच्या उत्प्रेरक-विज्ञानापुढील मोठी समस्या आहे.

पृष्ठभागाचे गणित

जर्मनीतील येना येथील रसायनशास्त्रज्ञ योहान डोबरायनर यांनी १८२३ साली हायड्रोजन वायूचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला, तेव्हा तो आपोआप पेटला. प्लॅटिनम मात्र जसेच्या तसे राहिले. अशा घटनांना १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियस यांनी ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. पुढे फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांनी निकेलसारख्या धातूंच्या बारीक भुकटीच्या साहाय्याने सेंद्रिय संयुगांत हायड्रोजन मिळविण्याची रीत शोधली आणि १९१२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. तेलापासून वनस्पती तूप तयार होते ते याच तत्त्वावर.

या सर्व प्रक्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडतात. रेणू पृष्ठभागावर टेकतात, त्यांचे जुने बंध सैल होतात, नवे बंध जुळतात आणि तयार झालेला पदार्थ तेथून निघून जातो. गाभ्यातील अणूंपर्यंत रेणू पोचतच नाहीत. म्हणून धातू जितका बारीक करावा तितका त्याचा उपयोग वाढतो. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एक नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश मापाचे, तुकडे केले तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो. ५५ अणूंच्या एका आदर्श कणात ४२ अणू पृष्ठभागावर असतात आणि केवळ १३ आत दडलेले असतात.

लहान होताना धातूचा स्वभावही बदलतो. सोने निष्क्रिय म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणून तर त्याचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. परंतु १९८७ साली जपानच्या मासाताके हारुता यांनी दाखवून दिले, की धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण शून्याखाली ७० अंश सेल्सियसलाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवतात. कण मोठे झाले की सोने पुन्हा आपल्या मूळ सुस्त स्वभावावर येते.

लहानपणाची किंमत

पृष्ठभागावरील अणूंना सर्व बाजूंनी शेजारी नसतात. म्हणूनच ते बाहेरच्या रेणूंना धरतात आणि त्याच कारणाने ते अस्थिरही असतात. पाऱ्याचे दोन थेंब जवळ आले की एक होतात, तशीच ओढ या कणांना असते. कधी दोन कण सरकत येऊन मिसळतात, तर कधी लहान कणांतील अणू एकेक करून सुटतात आणि मोठ्या कणांना जाऊन मिळतात. दुसऱ्या प्रकारात लहान कण हळूहळू नाहीसे होतात आणि मोठे आणखी मोठे होतात.

यावर जुने उपाय आहेत; पण प्रत्येकाला किंमत मोजावी लागते. कणांवर पॉलिमरचे आवरण चढवले तर ते एकमेकांपासून दूर राहतात, परंतु ज्या पृष्ठभागासाठी हा सारा खटाटोप करायचा तोच झाकला जातो. ॲल्युमिना, सिलिका किंवा कार्बनच्या आधारावर कण पसरवणे ही उद्योगांतली रूढ पद्धत होय. मात्र या आधारांची छिद्रे बहुधा वेड्यावाकड्या मापांची असतात, त्यामुळे एक कण एका परिस्थितीत तर दुसरा निराळ्याच परिस्थितीत सापडतो. झिओलाइट या खनिजवर्गाची छिद्रे नेमक्या मापाची असतात, पण ती सहसा एक नॅनोमीटरहून लहान. शिवाय सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांनी बनलेल्या त्यांच्या भिंतींत मनासारखे बदल करण्यास फारसा वाव नसतो.

हवे होते ते असे घर, की ज्याच्या खोल्या एकसारख्या, दारे ठरवलेल्या मापाची आणि भिंती गरजेप्रमाणे बदलता येण्याजोग्या असतील.

गाठी आणि दुवे

मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, किंवा आद्याक्षरांनी एमओएफ, ही अशा घराची रचना आहे. त्याची कल्पना मुलांच्या जोडकामाच्या खेळण्यावरून येईल. कोपऱ्यांवर धातूचे आयन किंवा त्यांचे लहान पुंजके, म्हणजे गाठी. आणि दोन गाठींना सांधणारे कार्बनयुक्त लांबट रेणू, म्हणजे दुवे. द्रावणात दोन्ही एकत्र केले की योग्य परिस्थितीत ते आपोआप जुळून नियमित स्फटिक तयार होतो आणि गाठी-दुव्यांच्या मधली जागा रिकामी राहते.

खेळण्याची ही उपमा नुसती उपमा नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉब्सन १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांच्या रेणू-प्रतिकृती तयार करून घेत होते. गोळ्यांना भोके कोठे पाडायची हे ठरवताना त्यांच्या लक्षात आले, की भोकांच्या जागांतच पुढच्या संपूर्ण रचनेचा आराखडा दडलेला आहे. हा विचार त्यांनी अनेक वर्षांनी प्रयोगात उतरवला आणि १९८९ साली तांब्याचे आयन व चार हातांचा सेंद्रिय रेणू यांतून हिऱ्यासारख्या मांडणीची, पण आतून पोकळ अशी रचना प्रसिद्ध केली. ती नाजूक होती. जपानच्या सुसुमु कितागावा यांनी १९९७ साली वायू आत-बाहेर जाऊ देणाऱ्या टिकाऊ चौकटी घडवल्या. अमेरिकेत ओमर याघी यांनी १९९५ साली ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ हे नाव रूढ केले आणि १९९९ साली जस्ताचा वापर केलेली ‘एमओएफ-५’ ही प्रसिद्ध चौकट सादर केली. २०२५चे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

उत्प्रेरकांच्या दृष्टीने आणखी तीन चौकटी महत्त्वाच्या आहेत. फ्रान्समधील व्हर्साय येथे जेरार फेरे यांच्या गटाने २००५ साली घडवलेली ‘एमआयएल-१०१’ ही क्रोमियमची चौकट. तिच्या खोल्या २.९ व ३.४ नॅनोमीटर रुंद, तर सर्वांत मोठी दारे जेमतेम १.६ नॅनोमीटरची आहेत. तिच्या ग्रॅमभर भुकटीच्या आतील पृष्ठभाग सुमारे एक एकर भरतो. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात २००८ साली तयार झालेली ‘यूआयओ-६६’ ही झिर्कोनियमची चौकट. तिच्या प्रत्येक गाठीला बारा दुवे बिलगलेले असल्याने ती पाण्याला व उष्णतेला चांगली तोंड देते. तिसरी ‘झेडआयएफ-८’, तिची पोकळी १.१६ नॅनोमीटरची आणि खिडकी अवघी ०.३४ नॅनोमीटरची. यांपैकी पहिल्या दोन चौकटींत आणि एमओएफ-५मध्येही दुवा म्हणून टेरेफ्थॅलिक आम्लच वापरले जाते. पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लॅस्टिक ज्या आम्लापासून बनते, तेच हे आम्ल.

आधी मूर्ती की आधी देऊळ?

धातूचा कण या चौकटीत न्यायचा कसा? देवळाचे उदाहरण घेऊ. देऊळ बांधून झाल्यावर मूर्ती आत नेता येते, किंवा मूर्ती आधी बसवून भोवती देऊळ उभारता येते. मूर्ती दारापेक्षा मोठी असेल तर पहिला मार्ग बंद होतो. त्या वेळी दगड आत नेऊन मूर्ती तेथेच घडवावी लागते.

पहिल्या मार्गाने धातूचे क्षार किंवा बाष्पशील संयुगे चौकटीच्या दारांतून आत शिरतात आणि आत क्षपण होऊन त्यांचा धातू बनतो. जर्मनीतील बोखुम येथे रोलांड फिशर यांच्या गटाने २००५ साली याच पद्धतीने एमओएफ-५मध्ये पॅलॅडियम, तांबे आणि सोने भरले. तांबे भरलेल्या चौकटीने मिथेनॉल तयार करण्याचे काम केले, पॅलॅडियमच्या चौकटीने हायड्रोजनीकरणाचे. तत्त्व सिद्ध झाले. परंतु एक खोड लक्षात आली. संयुगे जशी आत शिरतात तशी ती बाहेरही झिरपतात आणि स्फटिकाच्या अंगावर मोठमोठे कण साचतात. अशा कणांना घराचा काहीच लाभ मिळत नाही.

यावर जपानच्या ‘एआयएसटी’ या संस्थेत चियांग शू यांच्या गटाने २०१२ साली काढलेला उपाय साधा आणि कल्पक आहे. एमआयएल-१०१च्या पोकळ्यांना पाणी प्रिय आहे. म्हणून भुकटी प्रथम हेक्झेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात भिजवायची आणि मग प्लॅटिनमच्या क्षाराचे पाणी त्यात हळूहळू सोडायचे. मात्र ते पाणी सर्व पोकळ्यांच्या एकूण आकारमानापेक्षा किंचित कमीच असले पाहिजे. त्यामुळे सारे पाणी आत शोषले जाते आणि बाहेर हेक्झेन राहते. क्षार बाहेर उरतच नसल्याने कण बाहेर बनण्याची शक्यता फार कमी होते. अशा रीतीने तयार झालेले प्लॅटिनमचे कण सरासरी १.८ नॅनोमीटरचे होते. खोलीत मावणारे, पण दारातून सहज बाहेर न पडणारे.

याच गटाने पुढल्या वर्षी सोने आणि निकेल यांचे मिश्र कण बसवताना आणखी एक गोष्ट दाखवली. क्षपण करणारे रसायन तीव्र असेल तर क्षार आहे त्या जागीच धातूत बदलतो. रसायन सौम्य असेल तर क्षाराला बाहेर पडण्यास अवधी मिळतो आणि कण मोठे होतात. म्हणजे चौकट तीच, धातू तेच, फरक केवळ रसायनाच्या तीव्रतेचा; तरी उत्प्रेरक निराळा. हे कण अमोनिया बोरेन या वजनाच्या १९.६ टक्के हायड्रोजन असलेल्या पदार्थापासून हायड्रोजन मुक्त करण्यासाठी वापरण्यात आले.

दुसरा मार्ग आधी मूर्तीचा. सिंगापूर आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली पॉलिमरचे पातळ आवरण दिलेले तयार कण झेडआयएफ-८च्या वाढत्या स्फटिकात अडकवून दाखवले. या मार्गात कणाचे माप आणि आकार आधीच ठरवता येतो, तसेच तो स्फटिकाच्या गाभ्यात असावा की कडेजवळ, यावरही ताबा राहतो. उणीव अशी, की कण चौकटीच्या एका खोलीपेक्षा मोठा असतो आणि त्याच्यावरील पॉलिमर पूर्णपणे काढणे कठीण जाते.

दाराचे माप

घराचा पहिला फायदा कण टिकवण्याचा, दुसरा दारवानाचा. झेडआयएफ-८मध्ये बंद केलेल्या प्लॅटिनमपुढे दोन पदार्थ ठेवण्यात आले. हेक्झीन हा सडपातळ, सरळ साखळीचा रेणू आत शिरला आणि त्याचे हायड्रोजनीकरण झाले. सायक्लोऑक्टीन हा आठ कार्बनांचा वलयाकार रेणू मात्र दाराशीच अडला. उघड्या प्लॅटिनमवर दोघांचेही हायड्रोजनीकरण होते. मिश्रणातील नेमक्या रेणूवर प्रक्रिया व्हावी आणि बाकीचे तसेच राहावेत, ही औषधे व सुगंधी द्रव्ये बनविणाऱ्या उद्योगांची नित्याची गरज असते. ती येथे धातू न बदलता, केवळ दाराच्या मापाने भागते.

मात्र अरुंद दार दोन्ही बाजूंनी अरुंद असते. कच्चा माल सावकाश आत जातो आणि तयार पदार्थही सावकाश बाहेर येतो. स्फटिक जाड असेल तर आतल्या कणांपर्यंत रेणू पोचण्यातच वेळ जातो. कणाचे रक्षण आणि रेणूंची ये-जा यांचा मेळ घालणे, हेच या उत्प्रेरकांच्या सुधारणेतील निम्मे काम होय.

भिंतींचा सहभाग

तिसरा फायदा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो सुरुवातीला फारसा कोणाच्या ध्यानात आला नव्हता. चौकटीच्या भिंती केवळ आडोसा देत नाहीत. त्या प्रक्रियेत भाग घेतात.

दालचिनीचा वास ज्यामुळे येतो त्या सिनामाल्डिहाइडचे उदाहरण पाहू. या रेणूत हायड्रोजन शिरू शकेल अशा दोन जागा असतात. एक दोन कार्बनांमधील दुहेरी बंध आणि दुसरा कार्बन व ऑक्सिजन यांमधील. पहिला बंध अधिक सहज उघडतो. परंतु सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायाला हवे असलेले सिनॅमिल अल्कोहोल मिळण्यासाठी पहिला बंध शाबूत ठेवून दुसराच उघडावा लागतो. नुसते प्लॅटिनम हा भेद नीट पाळत नाही. बीजिंगमधील झियोंग तांग यांच्या गटाने २०१६ साली एमआयएल-१०१च्या स्फटिकावर प्लॅटिनमचे कण बसवले आणि त्यावर त्याच प्रकारच्या चौकटीचा आणखी एक थर चढवला. पुरणपोळीत पुरण असावे तसे प्लॅटिनम मध्ये आले. तयार झालेल्या पदार्थांत सिनॅमिल अल्कोहोलचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक भरले. कारण असे, की चौकटीतील धातूंच्या गाठी रेणूचा ऑक्सिजनकडील भाग धरतात. हवा असलेला बंध त्यामुळे उघडण्यास सोपा होतो. प्लॅटिनम हायड्रोजन पुरवते आणि भिंत रेणूला योग्य बाजूने धरून ठेवते, अशी ही श्रमविभागणी आहे. येथेही थराची जाडी निर्णायक ठरते. थर फार पातळ असेल तर निवड ढिली पडते आणि फार जाड असेल तर प्रक्रिया मंदावते.

दुसरे उदाहरण कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल मिळविण्याचे. वातावरणात जाणाऱ्या वायूचे इंधन व कच्चा माल यांत रूपांतर करण्याचा हा मार्ग असल्याने त्याकडे जगाचे लक्ष आहे. उद्योगांत मिथेनॉलसाठी तांबे, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक वापरतात. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे याघी आणि पृष्ठविज्ञानाचे अध्वर्यू गाबोर सोमोर्जाई यांच्या गटांनी २०१६ साली तांब्याचे कण यूआयओ-६६मध्ये गुंफले. १७५ अंश सेल्सियसला या उत्प्रेरकाने रूढ उत्प्रेरकाच्या आठपट मिथेनॉल दिले आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा जोडपदार्थ तयार होऊ दिला नाही. पुढील वर्षी वेनबिन लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चौकटीत तांबे आणि झिंक ऑक्साइड यांचे अतिसूक्ष्म कण शेजारी-शेजारी बसवले. तो उत्प्रेरक १०० तास टिकला.

हे का घडते, याचा उलगडा २०२० साली ऑस्लोच्या संशोधकांनी प्लॅटिनम भरलेल्या झिर्कोनियमच्या चौकटीत केला. मिथेनॉल एकट्या प्लॅटिनमवर बनत नव्हते आणि एकट्या चौकटीतही नव्हते. ते दोहोंच्या सीमेवर, जेथे झिर्कोनियमच्या गाठीचा एखादा दुवा निखळलेला आहे अशा जागी बनत होते. कार्बन डायऑक्साइडपासून बनलेला मधला घटक त्या मोकळ्या गाठीला चिकटतो आणि शेजारचे प्लॅटिनम त्याला हायड्रोजन पुरवते. याचा अर्थ निर्दोष स्फटिकापेक्षा थोडा सदोष स्फटिकच येथे उपयोगी ठरतो. चौकट घडवताना दुवे मुद्दाम किती गाळायचे, हा आता संशोधनाचा स्वतंत्र विषय बनला आहे.

भिंत कणाच्या इलेक्ट्रॉनांवरही परिणाम करते. क्योटो विद्यापीठात हिरोशी कितागावा यांच्या गटाने २०१४ साली पॅलॅडियमच्या घनाकार कणांवर तांब्याची ‘एचकेयूएसटी-१’ ही चौकट चढवली, तेव्हा पॅलॅडियमची हायड्रोजन साठवण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली. पॅलॅडियमकडून काही इलेक्ट्रॉन चौकटीकडे सरकतात, हे त्याचे कारण होते.

दावे आणि कसोट्या

यशाच्या या कथा वाचताना एक प्रश्न सदैव जागा ठेवावा लागतो. कण खरोखर आत आहे का? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र ही सावलीसारखी सपाट प्रतिमा असते. स्फटिकाच्या पाठीवर चिकटलेला कण त्यात आत असल्यासारखाच दिसतो. त्यातच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने या नाजूक चौकटी पाहता पाहता मोडतात. म्हणून नमुना निरनिराळ्या कोनांतून टिपून त्रिमितीय चित्र उभे करणे, किंवा नमुन्याचे पातळ काप घेऊन पाहणे आवश्यक ठरते. रासायनिक कसोटीही आहे. दारातून आत न जाऊ शकणारा मोठा रेणू द्यावा. त्यावर प्रक्रिया झालीच, तर काही कण बाहेर आहेत असे समजावे.

दुसरा प्रश्न धातू विरघळून जाण्याचा. द्रवातील प्रक्रियेत कणांपासून सुटलेले अणूच प्रत्यक्षात काम करीत असतील, तर घराचे श्रेय खोटे ठरते. त्यासाठी प्रक्रिया अर्ध्यावर असताना गरम मिश्रण गाळून घन उत्प्रेरक बाजूला काढतात. उरलेल्या स्वच्छ द्रवात प्रक्रिया पुढे चालू राहिली, तर खरा उत्प्रेरक गाळणीतून निसटला आहे हे उघड होते.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. उत्प्रेरक पाच वेळा वापरला आणि पाचही वेळा पूर्ण रूपांतर झाले, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण प्रत्येक वेळी प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबले, तर निम्मा उत्प्रेरक मेलेला असला तरी आकडा शंभरच येतो. प्रक्रिया अर्धवट असतानाचा वेग मोजला तरच झीज दिसते. प्रत्येक धातू-अणूने दर तासाला किती रेणू घडवले आणि किती तास घडवले, हीच प्रामाणिक मोजदाद होय.

घराचा टिकाऊपणा

या घराच्या मर्यादा त्याच्या बांधणीतच आहेत. एमओएफ-५ दमट हवेतही ढासळते. मिथेनॉलच्या प्रक्रियेत पाणी हा अटळ जोडपदार्थ आहे, म्हणून तेथे झिर्कोनियमच्या चौकटींना पसंती मिळाली. उष्णतेचे बंधन अधिक कडक आहे. दुवे सेंद्रिय असल्याने बहुतेक चौकटी ३०० ते ४०० अंशांच्या पुढे तग धरत नाहीत. रूढ उत्प्रेरकांवर काजळी साचली की हवेत तापवून ती जाळून टाकतात. येथे काजळीबरोबर घरही जळेल. म्हणून मोटारीच्या कन्व्हर्टरमध्ये, जेथे तापमान ८०० अंशांच्याही वर जाऊ शकते, आजच्या एमओएफला स्थान नाही.

काही संशोधकांनी हा दोषच कामी आणला. चौकट ऑक्सिजनविरहित वातावरणात मुद्दाम तापवली, तर दुव्यांचा सच्छिद्र कार्बन होतो आणि गाठींतील धातू त्यात बारीक कणांच्या रूपाने विखुरला जातो. हे उत्प्रेरक दणकट असतात. पण घर मोडून त्याच्या विटा वापरण्यासारखाच हा प्रकार आहे. दारांची नेमकी मापे आणि भिंतींची ओळख त्यात नाहीशी होते.

गाठींतून धातूच वगळायचा आणि सारी चौकट सेंद्रिय रेणूंच्या मजबूत बंधांनी बांधायची, हा आणखी एक पर्याय. कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क या नावाने तो ओळखला जातो. या क्षेत्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा आहे. तेथे राहुल बॅनर्जी यांच्या गटाने आम्ल व अल्कली दोहोंना दाद न देणाऱ्या चौकटी विकसित केल्या आणि २०१४ साली अशा एका चौकटीत सोन्याचे नॅनोकण बसवून नायट्रोफिनॉलच्या क्षपणासाठी वापरले. झिओलाइट उत्प्रेरकांवरील दीर्घ संशोधनासाठी ही प्रयोगशाळा पूर्वीपासून ओळखली जाते. सच्छिद्र पदार्थांच्या अभ्यासाची ती परंपरा या नव्या कामामागे आहे.

खर्चाचा मुद्दाही डावलता येत नाही. वायू साठवणे, कर्बवायू पकडणे अशा कामांसाठी काही एमओएफ कारखान्यांत बनू लागली आहेत. कर्बवायू शोषणारी ‘कॅल्फ-२०’ ही जस्ताची चौकट तर जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने मोठ्या प्रमाणावर तयार केली आहे. परंतु आत धातूचे कण नेमके बसवलेली चौकट ही प्रयोगशाळेतील ग्रॅमभर भुकटीपासून कारखान्यातील टनांपर्यंत नेणे निराळे. भुकटीच्या गोळ्या बनवताना दिलेल्या दाबानेही पोकळ्या चेपू शकतात.

म्हणून या उत्प्रेरकांची पहिली नोकरी कोठे असेल, याचा अंदाज करता येतो. जेथे तापमान मध्यम आहे, पदार्थ महाग आहे आणि चुकीचा जोडपदार्थ वेगळा काढण्यात पैसा व विद्रावक वाया जातात, अशा सूक्ष्म रसायनांच्या उद्योगांत त्यांचे पाऊल आधी पडावे. कर्बवायूपासून मिथेनॉल हे ध्येय मोठे आहे, पण तेथे शंभर तास टिकणे पुरेसे नाही; रूढ औद्योगिक उत्प्रेरकांकडून वर्षानुवर्षांच्या सेवेची अपेक्षा असते.

तोपर्यंत या संशोधनाने दिलेली दृष्टी मात्र कायमची आहे. डोबरायनर यांच्या काळापासून उत्प्रेरक सुधारणे म्हणजे धातू बदलणे, तो अधिक बारीक करणे किंवा त्याला चांगला आधार शोधणे, असा प्रघात होता. आता कणाच्या भोवतीची खोली, तिचे दार, भिंत आणि भिंतीतली एखादी निखळलेली वीट यांचाही आराखडा अणूच्या पातळीवर करता येतो. मौल्यवान धातू पृथ्वीच्या पोटात मोजकेच आहेत. त्यांचा प्रत्येक अणू कोठे बसला आहे आणि किती काळ काम करतो आहे, हे सांगू शकणारा उत्प्रेरक घडवणे ही त्यामुळे काटकसरीइतकीच जबाबदारीचीही गोष्ट ठरते.